बसलेले पक्षी, दोन शेड आणि हाडजोडाची पावडर: इंदूरजवळचं एक प्रकरण

इंदूरहून खंडव्याकडे निघालं की सिमरोलच्या आसपास बरेच छोटे ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचे) फार्म लागतात. त्यांतल्या एका मराठी कुटुंबाच्या फार्मचं हे प्रकरण. कुटुंब पिढ्यानपिढ्या इंदुरातलं; घरात मराठी, मंडीत हिंदी. शेड आणि खाद्य काका बघतात, ब्रूडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं) आणि हिशेब काकू. कंपनीच्या करारावर ते नाहीत. पिल्लं स्वतः विकत आणायची, मका आणि सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) आणून घरच्या मिक्सरवर खाद्य बनवायचं आणि तयार पक्षी व्यापाऱ्याला द्यायचे, असा कारभार आहे.

तक्रार अशी होती की पावसाळी लॉटमध्ये, म्हणजे पावसाळ्यात वाढवलेल्या तुकडीत, चौथ्या आठवड्यापासून पक्षी पायात बसतात. मर फार नसते, म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेत नाही. पण बसलेला पक्षी फीडरपर्यंत जात नाही, पाण्यापर्यंत पोहोचत नाही, वजन अडकतं, छातीला फोड येतात आणि गाडी भरताना व्यापारी त्याला बाजूला काढतो. आदल्या वर्षी असाच फटका बसल्यामुळे यंदा काकांनी 'हाडं मजबूत करणारी' हर्बल पावडर आणली. महाग होती म्हणून पहिल्या दिवसापासून फक्त नव्या शेडला दिली. पाचव्या आठवड्यात मला बोलावलं तेव्हा नव्या शेडमध्ये बसलेले पक्षी थोडे होते, जुन्या शेडमध्ये भरपूर.

"डॉक्टरसाहेब, पावडर दिली तिथे पक्षी पळून राहिले, नाही दिली तिथे बसून राहिले. आता यात बघायचं काय राहिलं?" काका म्हणाले. पुढच्या लॉटला दोन्ही शेडसाठी पावडर मागवायची, एवढंच त्यांना माझ्याकडून पक्कं करून हवं होतं.

त्यांचा प्रश्न रास्त होता. वनस्पतींचा हाडांवर परिणाम होतच नाही, असं म्हणणारा मी नाही. पण दोन शेडमध्ये फरक फक्त पावडरीचा होता का, हे आधी बघायला हवं होतं.

शेड

नवी शेड दोन फूट जोत्यावर बांधलेली, लांबी पूर्व-पश्चिम, कोबा धड. साधारण ३००० चौरस फुटांत २५०० पक्षी, म्हणजे एका पक्ष्याला १.२ चौरस फूट. जुनी शेड उताराच्या पायथ्याशी, काळ्या मातीत. कोबा जागोजागी फुटलेला; वरच्या शेतातलं पाणी पावसात भिंतीखालून आत झिरपतं. २००० चौरस फुटांत २४०० पक्षी, म्हणजे पक्ष्यामागे ०.८३ चौरस फूट. पक्षी २.२ किलोचे झाल्यावर नव्या शेडमध्ये एका चौरस मीटरवर जवळपास २० किलो वजन उभं असतं, जुन्यात २८ किलोच्या वर.

इथे काका म्हणाले की युरोपात ३३ किलोपर्यंत चालतं. खरं आहे. युरोपीय संघाच्या २००७ च्या निर्देशात मूळ मर्यादा ३३ किलोची आहे आणि हवा, तापमान, अमोनिया यांच्या अटी पाळल्या तर ३९ आणि ४२ किलोपर्यंतही मुभा आहे. पण त्या शेड बंदिस्त असतात, हवा पंख्यांनी खेळवलेली असते. आपल्याकडच्या पडद्यांच्या उघड्या शेडमध्ये, मालव्यातल्या दमट ऑगस्टमध्ये, पक्ष्याला एक चौरस फूट हा हिशेब अनुभवाने ठरलेला आहे. तो ओलांडला की आधी लिटर (जमिनीवरचं अंथरूण) जातं, मग पक्षी.

लिटर मुठीत दाबून बघायचं असतं. चांगलं लिटर मुठीत गोळा होतं आणि मूठ उघडली की सुटतं. नव्या शेडमधलं तसंच होतं. जुन्या शेडमधला गोळा तसाच हातात राहिला आणि बोटांना ओल लागली. ड्रिंकरभोवती लिटरची पोळी झालेली होती. पायाने उचकटली तशी खालून वाफ आणि अमोनियाचा भपकारा आला, डोळे चुरचुरले. माणसाचं नाक पाच फुटांवर असतं, पक्ष्याचं अर्ध्या फुटावर. तो चोवीस तास त्या हवेत असतो.

ओल्या लिटरचा आणि हाडाचा संबंध बऱ्याच जणांना लांबचा वाटतो. तो फार जवळचा आहे. ओल आणि अमोनियाने तळपायाची कातडी भाजते, काळे चट्टे पडतात, मग जखम. पाय टेकला की दुखतं, म्हणून पक्षी बसून राहतो. हाड भार पडला की भरतं. बसलेल्या पक्ष्याच्या पायावर भारच पडत नाही. वाढत्या वयात थोडे दिवस जरी असे गेले तरी नळी लांब होते पण भरीव होत नाही. शिवाय जंतूंचा मार्ग आहेच. स्टॅफिलोकॉकस, एन्टेरोकॉकस सीकोरम, ई. कोलाय हे जंतू आतड्यातून किंवा श्वासनलिकेतून रक्तात उतरतात आणि मांडीच्या हाडाच्या डोक्यात, जिथे वाढ चालू असते आणि बारीक भेगा पडलेल्या असतात, तिथे घर करतात. अमेरिकेतल्या अर्कान्सास विद्यापीठात ब्रॉयलरना तारेच्या जाळीच्या हलत्या जमिनीवर वाढवून नेमका हाच आजार प्रयोगासाठी घडवून आणतात. पायाखालची जमीन बिघडवली की हाडाचं डोकं सडायला लागतं, इतकं ते थेट आहे.

आणखी एक गोष्ट दोन्ही शेडमध्ये सारखीच होती: रात्रभर दिवे. पक्षी रात्रीही खातील, वजन वाढेल, या हिशेबाने बल्ब कधी बंदच होत नव्हते. अंधार मिळाला की पक्षी नीट झोपतो आणि दिवसा जास्त चालतो, पाय सुधारतात. त्याच युरोपीय निर्देशात दिवसाला एकूण सहा तास अंधार, त्यातला चार तास सलग, अशी सक्ती आहे. घनतेचा आकडा काकांना ठाऊक होता, अंधाराचा नाही. हा आकडा आपल्याकडे कुणी सांगत नाही, कारण तो ऐकला तर पहिले काही दिवस वजन मागे पडल्यासारखं दिसतं. पुढे ते बहुतेक भरून निघतं.

हाड उघडून बघितलं तेव्हा

जुन्या शेडमधले बसलेले पक्षी घेतले. त्याच शेडमधले चालते पक्षी घेतले. आणि नव्या शेडमधले, पावडर खाल्लेले, ऐटीत चालणारेही घेतले. हे शेवटचे घ्यायला काका तयार नव्हते. "चांगले पक्षी कशाला कापायचे?" चांगल्या पक्ष्याचं हाड बघितल्याशिवाय वाईट हाड किती वाईट ते कळत नाही, हे समजावल्यावर त्यांनी मान डोलावली.

चोच आधी वाकवून बघितली. मुडदूस पूर्ण भिनलेला असेल तर चोच रबरासारखी वाकते. इथे ती टणक होती. मग तळपाय: जुन्या शेडच्या जवळजवळ सगळ्या पक्ष्यांना काळे चट्टे, गुडघ्यामागे भाजल्याच्या खुणा. नव्या शेडचे तळपाय स्वच्छ. मांडी सांध्यातून सोडवली की निरोगी पक्ष्यात हाडाचं डोकं गुळगुळीत, पांढरं, चकचकीत बाहेर येतं. बसलेल्यांपैकी काहींमध्ये डोक्यावरची टोपी सांध्यातच राहिली आणि खालचं हाड पिवळट-काळं, भुसभुशीत निघालं. हे जंतूंचं काम. नव्या शेडच्या एकाही पक्ष्यात ते नव्हतं.

इथपर्यंत काकांचं म्हणणं टिकत होतं. मग तंगडीची नळी साफ केली आणि वरच्या टोकापासून उभी चिरली. तिथे सांध्याच्या खाली वाढीची पट्टी असते, निळसर पांढरी, पातळ. तीच पट्टी कूर्चा बनवते आणि कूर्चेत खनिज भरलं की तिचं हाड होतं. खनिज कमी पडलं तर कूर्चा साठत जाते, पट्टी जाड होते. जुन्या शेडच्या पक्ष्यांत ती जाड होती. आणि नव्या शेडच्या, पावडर खाल्लेल्या, चालणाऱ्या पक्ष्यांतही ती जाड होती. नळी दोन्ही हातांनी मोडली तर 'कट्' असा आवाज करत तुटायला हवी. दोन्ही शेडच्या नळ्या आधी वाकल्या, मग चिरफळत तुटल्या. काकांनी स्वतः मोडून बघितली. त्यानंतर ते बराच वेळ बोलले नाहीत.

म्हणजे हाड दोन्हीकडे कच्चंच होतं. नव्या शेडमध्ये कोरड्या लिटरवर, मोकळ्या जागेत पक्षी त्याच कच्च्या हाडावर उभे होते. जुन्या शेडमध्ये त्याच हाडाला ओल, गर्दी आणि जंतू भेटले आणि पक्षी बसले. लंगडत नाही म्हणजे हाड चांगलं, असं समजण्यात फार मोठी फसगत आहे. विक्रीच्या वेळी पक्षी पकडताना, क्रेटमध्ये कोंबताना तेच हाड मोडतं.

दोन्ही शेडमध्ये सारखं काय

पिल्लं एकाच हॅचरीची होती, खाद्य एकाच मिक्सरचं. म्हणून मिक्सरकडे गेलो.

ब्रॉयलरचं पिल्लू चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं येतं आणि पाच-साडेपाच आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं. नळी आधी लांब-रुंद होते, खनिज मागाहून भरतं, आणि इतक्या वेगात ते मागेच राहतं. म्हणून त्याचं हाड मुळात सच्छिद्र. पहिल्या दोन आठवड्यांत खनिजाचा मेळ चुकला तर त्याचं बिल चौथ्या आठवड्यात, वजन चढल्यावर येतं. तोपर्यंत मालक चौथ्या आठवड्यातलं कारण शोधत बसतो.

कॅल्शियम सगळ्यांना माहीत असतं. अडतं ते फॉस्फरसपाशी. मका आणि सोयाबीनमधला सुमारे दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो स्वतःहून फारसा सोडवता येत नाही. इंदूर म्हणजे सोयाबीनचं गाव. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इथे, सोया प्रक्रिया उद्योगाची संघटना इथे, डीओसी दारात मिळते. प्रथिनांची ददात नाही. पण त्या डीओसीतला बराच फॉस्फरस कागदावरच राहतो. तो सोडवायला खाद्यात फायटेज एन्झाइम घालतात आणि उरलेली भर डायकॅल्शियम फॉस्फेटने, म्हणजे डीसीपीने घालतात. काकांकडे प्रीमिक्समध्ये (खाद्यात मिसळायच्या तयार मिश्रणात) फायटेज होतं, पण उघडं पोतं ओल्या भिंतीला टेकून ठेवलेलं. एन्झाइमला दमट उष्णता सोसत नाही. डीसीपीही कमी केलेलं होतं, भाव चढल्यामुळे.

आणि त्यावर कडी म्हणजे, पक्षी बसतात म्हणून काकांनी टनामागे १० किलो जादा मार्बल पावडर, म्हणजे दळलेली चुनखडी, घालायला सुरुवात केली होती. हाड म्हणजे कॅल्शियम, कमी पडलं तर घाला, असा सरळ विचार. हिशेब मांडून दाखवला. भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) मानकात, २००७ च्या आवृत्तीत, ब्रॉयलर खाद्यात कॅल्शियम किमान १ टक्का आणि उपलब्ध फॉस्फरस किमान ०.४५ टक्का सांगितलाय. साधारण दोनास एक. चुनखडीत कॅल्शियम ३८ टक्क्यांच्या आसपास. टनात १० किलो म्हणजे ०.३८ टक्के जादा. मूळ खाद्य बरोबर असतं तरी प्रमाण तीनास एक झालं असतं. इथे फॉस्फरस आधीच आटलेला. जादा कॅल्शियम आतड्यात फायटेटला धरून ठेवतं, फायटेजला काम करू देत नाही आणि उरलासुरला फॉस्फरसही विष्ठेवाटे जातो. कॅल्शियम वाढवल्याने हाड आणखी कच्चं झालं. यात पाण्यातून लिक्विड कॅल्शियमही चालू होतं, ते वेगळंच.

खाद्याचा नमुना तपासायला दिला. प्रयोगशाळा कॅल्शियम आणि एकूण फॉस्फरस सांगते. त्यातला उपलब्ध किती, ते घटकांवरून आपण काढायचं असतं. एकूण फॉस्फरसचा आकडा बघून निश्चिंत झालेले बरेच लोक मी बघितलेत. कॅल्शियम अपेक्षेप्रमाणे वर, उपलब्ध फॉस्फरस खाली.

डीसीपी घेताना आणखी एक सावधगिरी. आपल्या शेजारी झाबुआ जिल्ह्यात, मेघनगरकडे, रॉक फॉस्फेटच्या खाणी आहेत. ते खतासाठी ठीक. पण न शुद्ध केलेलं रॉक फॉस्फेट स्वस्त म्हणून खाद्यात आलं तर त्यातला फ्लोरीन थेट हाडात जाऊन बसतो. तसंच बियाण्याचं उरलेलं, औषध लावलेलं सोयाबीन किंवा मका. बियाण्याला लावतात त्या थायरम या बुरशीनाशकाने कोंबडीच्या नळीच्या टोकाशी कूर्चेची गाठ तयार होते. लाल-गुलाबी रंगाचा दाणा दिसला की तो ढीग बाजूला. इथे यातलं काही सापडलं नाही.

पावडर

डब्यावर हाडजोड, अश्वगंधा, हळद, शेवग्याचा पाला, आवळा, ओवा अशी नावं होती. कुठल्याचं प्रमाण किती, ते नाही. मात्रा टनाला एक किलो.

इथेही आधी हिशेबच. एक ब्रॉयलर आयुष्यात साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. टनाला किलो म्हणजे त्याच्या पोटात साऱ्या आयुष्यात साडेतीन ग्रॅम पावडर गेली. सहा वनस्पती सारख्या प्रमाणात धरल्या तर प्रत्येकी अर्ध्या ग्रॅमच्या जवळपास. अख्खी पावडर नुसती चुनखडी असती तरी खाद्यातलं कॅल्शियम ०.०४ टक्क्यांच्या आतच वाढलं असतं. तेव्हा 'नैसर्गिक कॅल्शियमयुक्त' हे डब्यावरचं वाक्य हाडाच्या दृष्टीने निरर्थक आहे. परिणाम व्हायचा असेल तर तो खनिजाने नाही, दुसऱ्या कुठल्या वाटेने व्हायला हवा.

अशा वाटा आहेत. हाडजोड म्हणजे आपली कांडवेल. मोडलेल्या हाडावर तिचा उपयोग परंपरेत आहे आणि १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. के. एन. उडुपा आणि सहकाऱ्यांनी प्रयोगातल्या प्राण्यांवर ते तपासलंही; अस्थिभंग लवकर भरतो असं त्यांना आढळलं. पण मोडलेलं हाड सांधणं आणि पाच-साडेपाच आठवड्यांत पन्नासपट होणाऱ्या पिल्लाचं हाड भरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मात्राही निराळी. कच्च्या कांडवेलीत कॅल्शियम ऑक्झलेट असतं, हातातोंडाला खाज सुटते ती त्यानेच. ऑक्झलेटमधलं कॅल्शियम शरीराला फारसं लागत नाही.

हाडावर खात्रीने परिणाम करणारी वनस्पती हवी असेल तर ती दुसरीच आहे. दक्षिण अमेरिकेतलं सोलॅनम ग्लॉकोफायलम आणि आपल्याकडे बागेत लावतात ते दिन का राजा, सेस्ट्रम डाययुर्नम, यांच्या पानांत जीवनसत्त्व डीचं तयार, सक्रिय रूप असतं, एरवी यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन बनतं ते. सोलॅनमपासून केलेलं मोजून-मापून दिलेलं उत्पादन कोंबडीखाद्यात वापरलं जातं. पण हीच पानं गुरांनी चरली तर रक्तवाहिन्यांत आणि फुप्फुसांत चुना साठतो आणि जनावर खंगतं. म्हणून प्रमाण न लिहिलेला डबा मला खटकतो. ज्याचा परिणाम खरा, त्याची मात्रा चुकली तर अपायही खरा.

तिसरी वाट आतड्याची, आणि या फार्मवर मला तीच जास्त शक्य वाटली. ओव्यात थायमॉल असतं, हळदीत कर्क्युमिन. लसूण, ओवा, हळद यांनी आतड्यातल्या जंतूंचा तोल सुधारतो, विष्ठा बांधून येते. युरोपने २००६ मध्ये वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, भारताने २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आणली. तेव्हापासून वनौषधींकडे ओढा वाढला, तो याच कारणाने. विष्ठा घट्ट झाली तर लिटर कोरडं राहतं, तळपाय सुटतो, जंतू रक्तात कमी उतरतात. म्हणजे पावडर हाडाला लागते ती शेडच्या मार्गाने. असं असेल तर ती ओल्या शेडमध्ये दिसायला हवी. काकांनी दिली होती कोरड्या शेडला.

पुढचा लॉट

मी सुचवलं की दोन्ही शेड जाळीने मधोमध विभागा, प्रत्येक शेडच्या एका अर्ध्यात पावडर आणि दुसऱ्यात नाही. चारही कप्प्यांना एकाच दिवसाची पिल्लं, एकच खाद्य. खाद्य मात्र दुरुस्त करूनच: जादा मार्बल पावडर बंद, लिक्विड कॅल्शियम बंद, डीसीपी पूर्ववत, नवं प्रीमिक्स घरात लाकडी फळीवर. जुन्या शेडमध्ये पक्ष्याला एक चौरस फूट. पहिल्या आठवड्यानंतर रात्री सहा तास अंधार. आधीच्या लॉटशी तुलना करायची नव्हतीच, चार कप्प्यांची आपसात करायची होती. म्हणून चुकीचं खाद्य पुन्हा देऊन पक्ष्यांना त्रास देण्याची गरज नव्हती.

काकूंनी दोन गोष्टी आपणहून केल्या. ड्रिंकरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला येईल अशी दर काही दिवसांनी वर घेत गेल्या. "मुलं एकदा टांगतात न् विसरतात. पक्षी वाढतो, ड्रिंकर तिथेच. मग सांडणारच ना हो पाणी." आणि फीडर-ड्रिंकरमधलं अंतर थोडं वाढवलं, पक्ष्यांनी चालावं म्हणून. उंच दांडीवर ब्रॉयलर चढत नाही, अंगाने जड असतो. चालायला लावायचं तर असंच.

चाल तपासायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाची १९९२ पासूनची पद्धत वापरली. शून्य म्हणजे डौलदार चाल, पाच म्हणजे उभंच राहता येत नाही. तीन किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे पक्ष्याला त्रास आहे असं धरतात. गुण देणाऱ्या मुलाला पावडरीचा कप्पा कुठला ते सांगितलं नव्हतं. जोडीला घमेल्याची चाचणी: घमेल्यात बोटभर कोमट पाणी, त्यात पक्षी उभा करायचा आणि तो किती वेळाने बसतो ते बघायचं. ओल्यात बसणं पक्ष्याला आवडत नाही, त्यामुळे पाय धड असेल तर तो उभा राहतो. ही चाचणी मला फार आवडते. मालकाच्या डोळ्यांसमोर होते, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवायला लागत नाही.

लॉटच्या शेवटी चारही कप्प्यांतल्या नळ्या 'कट्' आवाजाने तुटल्या. वाढीची पट्टी पातळ. हा खाद्याचा गुण, कारण तो चौघांत सारखा होता. बसलेले पक्षी तरीही जुन्या शेडमध्येच जास्त होते, दोन्ही अर्ध्यांत. नव्या शेडमध्ये पावडर असलेला आणि नसलेला अर्धा यांत चालीने, घमेल्याने, तळपायाने काही फरक कळला नाही. जुन्या शेडमध्ये पावडरीच्या अर्ध्यात विष्ठा बांधून होती, लिटरची पोळी उशिरा धरली, तळपाय थोडे बरे, घमेल्यात पक्षी जास्त वेळ उभे. नळ्यांचं वजन-लांबीचं गुणोत्तर आणि भट्टीत जाळून उरलेली राख बघितली, तर पावडरीने पक्ष्यापक्ष्यांतल्या नेहमीच्या फरकाच्या पलीकडे काही हललं नव्हतं. पावडर तळपायापर्यंत पोहोचली, हाडापर्यंत नाही.

काकांना हे पटलं, पण मी त्यांना इथेच थांबू दिलं नाही. एका शेडच्या एका अर्ध्यात शेकडो पक्षी असले तरी पुरावा एकाच कप्प्याचा. तो अर्धा उताराच्या वरच्या बाजूला असेल, तिथे वारा जास्त येत असेल, तर सगळे पक्षी एकदमच सुधारलेले दिसतील. पुरावा मोजायचा तो कप्प्यांनी, पक्ष्यांनी नाही. बाजारातल्या पावडरींच्या पत्रकांवर हजारो पक्ष्यांवर चाचणी केल्याचं छापतात. ते पक्षी किती कप्प्यांत होते हे विचारायला हवं. या फार्मवरून पावडर चालते असंही म्हणता येत नाही आणि चालत नाही असंही. शेड आणि फॉस्फरस यांच्याबद्दल मात्र मी ठामपणे बोलतो, कारण तिथे हाड उघडून दाखवता येतं आणि कारणाची साखळी मधे कुठे तुटत नाही.

सध्या जुन्या शेडच्या वरच्या अंगाला चर खणला आहे, झिरपणारं पाणी त्यातून बाजूला जातं. कोबा अर्धा दुरुस्त झालाय, उरलेला दिवाळीनंतर. डीसीपीच्या प्रत्येक पोत्याचा नमुना काकू बाटलीत भरून तारखेसह ठेवतात, पक्षी पुन्हा बसले तर तपासायला हाताशी असावा म्हणून. पावडर काकांनी बंद केलेली नाही, पावसाळ्यात फक्त जुन्या शेडला देतात, आणि मीही अडवलेलं नाही. विक्रेत्याकडे प्रत्येक वनस्पतीचं प्रमाण लेखी मागितलंय, ते अजून आलेलं नाही. येत्या पावसाळ्यात दोन्ही शेडमध्ये चार-चार कप्पे करायचे, पावडर कुठल्या कप्प्यात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि बाकीच्या कप्प्यांच्या खाद्यात तेवढाच बारीक दळलेला तूस घालायचा, म्हणजे पोती बघून कुणाला ओळखता येणार नाही. चिठ्ठ्या काकू काढणार आहेत आणि यादी लॉट निघेपर्यंत त्यांच्याच कपाटात राहणार आहे.